कायद्याने मेलेले

पहाटे चार वाजून सात मिनिटांनी आम्ही मेलो.
आमच्या लाइनीत असंच म्हणतात.
बारा तास भरले की ड्रायव्हर मेला, कंडक्टर मेला,
आणि एकशे तीस डबे कोळसा
नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत
जिथे असेल तिथे उभा.

मरण्याआधी उरकायची कामं असतात.
मी टॉर्च घेऊन उतरलो, हातब्रेक बांधत गेलो.
एक, दोन, पंधरा.
ब्रेकच्या चक्राला हातमोजे चिकटत होते.
परत चढलो तेव्हा तीन मिनिटं बाकी होती.
लोवेल पेत्स्काने ती तीन मिनिटं
थर्मासचं बूच बसवण्यात घालवली.
मग वहीत वेळ लिहिली
आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले,
फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखे.

रेडिओवर मार्लिस. "दोनच मैल पुढे घे, लोवेल.
फाटक अडवलंयस. पलीकडे गुरांचा ट्रक
अर्धा तास खोळंबलाय. कोण बघतंय?"
मला खिडकीतून त्याचे दिवे दिसत होते.
गुरं एकसारखी हंबरत होती.
"मेलेल्याला हात नसतात, मार्लिस."
ती गप्प झाली. मग म्हणाली,
"मला सुटायला अजून दोन तास आहेत."
ट्रक शेवटी वळला, चोवीस मैलांच्या फेऱ्याला.

"विशीत होतो," लोवेल म्हणाला, काचेकडे बघत,
"तेव्हा अकरा मैल उघड्या डोळ्यांनी झोपलो होतो.
सिग्नल हिरवे होते,
म्हणून सांगायला उरलो."
पुढे काही बोलला नाही.

यापुढचा वेळ कुणाचाच नाही.
व्हॅन येईपर्यंतचा.
ड्यूटी नाही, विश्रांतीही नाही.
पुस्तकात त्याला वेगळा रकाना आहे.
पगार मिळतो त्याचा, झोप मिळत नाही.
उंबऱ्यावर बसू नये म्हणतात.
आम्ही बसलो,
दोन तास आणि वर काही मिनिटं.

सव्वासहाला व्हॅन आली.
नवे दोघे चढले, आंघोळ केलेले,
साबणाच्या वासाचे.
आमची खुर्ची अजून गरम होती.

व्हॅन डेल्फा चालवत होती. नव्वद मैल.
तिसऱ्या वाक्याला तिने जांभई दिली,
मग आरशातून आमच्याकडे बघून हसली.
"ही कालची पाचवी फेरी,
की आजची पहिली?"
तिच्या कंत्राटदाराची वही वेगळी.
तीत तास नसतात, फेऱ्या असतात.

मग लोवेल,
ज्याला चार वर्षांत मी हवामानापलीकडे
बोलताना ऐकला नव्हता,
बोलत सुटला.
बहिणीचं लग्न. बहिणीचा घटस्फोट.
वाळूत कलिंगडं कशी धरायची.
एक घोडा, त्याचं नाव, त्याचा फुटका डोळा,
तो कसा फुटला त्याच्या दोन वेगवेगळ्या हकिगती.
"टोबिन, आता तू," तो म्हणाला.
मला काही सुचेना, म्हणून मी आमच्या मार्गावरची
सगळी सायडिंगं ओळीने म्हणून दाखवली,
चुकलेलं एक डेल्फानेच सांगितलं.
तिच्या पापण्या खाली यायला लागल्या
की लोवेल असा प्रश्न काढायचा
ज्याला हो-नाहीवर भागत नाही.
"डेल्फा, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?"

आठच्या सुमारास डेपो.
लोवेलने सुटल्याची वेळ लिहिली, पेन तसंच धरून ठेवलं.
"हे नव्वद मैल कशात टाकू?"
"प्रवासात," क्लार्क वर न बघता म्हणाला.
"त्याच रकान्यात."

बाहेर डेल्फा गाडी चालू ठेवून बसली होती,
पुढच्या दोघांची वाट बघत.
काच पूर्ण खाली, थंडी आत यावी म्हणून.
लोवेलने थर्मास उघडला
आणि तळाची कॉफी तिच्या कपात ओतली.
गार झाली होती. ती प्याली.

आता दहा तास मला फोन येणार नाही,
असा नियम आहे.
पडदे ओढलेत. पायांत अजून गाडीची थरथर.
तिच्या आईचं माहेरचं नाव
तिने सांगितलं होतं, दोनदा,
आणि मी पडल्या पडल्या
तेच आठवतोय.