दोरा ओवताना

दोऱ्याचं टोक ओठांत धरायचं, ओलं करायचं,
दोन बोटांत पीळ द्यायचा, मग सुई.
वडगावच्या या गल्लीत चौतीस वर्षं हेच.
किती झंपरांच्या हुकांना माझी थुंकी लागली
कधी मोजलं नाही.

मागच्या शिमग्यापासून टोक कोरडंच बाहेर येतं,
पिंजारलेलं, जसं गेलं तसं.
आधी वाटलं दोराच वाईट,
शहापुरातल्या दुकानदाराशी भांडून आले.
मग वाटलं, चष्म्याचा नंबर.
गंगव्वा भिंतीपलीकडून म्हणाली,
"बायी ओणग्याद नोड, नीर कुडी."
प्याले. तांब्यावर तांब्या प्याले.
पाणी घशातून खाली उतरतं,
तोंडात मुक्कामाला थांबत नाही.

डोळ्यांत मागावरची सूतधूळ कोंडल्यागत,
पापणी मिटली की खरखर.
भाकरी आमटीत बुडवून, मग कालवून, मग नुसती आंबील.
जावयानं कौतुकानं कुंदा आणला,
तो जिभेवर वाळूसारखा बसून राहिला.
तोंडचं पाणी पळालं म्हणतात
ते भीतीनं, असंच मी समजत होते.

हिरेकुडी डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत
कागदाची पट्टी अडकवली.
"पाच मिनिटं डोळे मिटून बसा."
बाहेर कुणी कानडीतून नंबर पुकारत होतं.
मी मुद्दाम आईला आठवलं,
तिची जोडवी काढून माझ्या हातात दिली
ती दुपार, तो उदबत्तीचा वास.
पट्टी निघाली.
तीन रेघा ओल्या.
आई, एवढीच?

मग ओठाच्या आतून
मसूरडाळीएवढे तीन-चार तुकडे काढले.
नाव सांगितलं, कुणा परदेशी डॉक्टरचं,
कोरड्या जिभेला ते वळलं नाही.
बाई समजावू लागल्या:
"असं समजा, शरीराला आपली सीमा कुठली..."
मी हातच जोडले.
दुसरं काहीतरी सांगा बाई,
सीमेचं ऐकून ऐकून आमचे कान किटलेत.
त्या हसल्या. म्हणाल्या, बरं, पहारेकरी.
रक्तातले पांढरे पहारेकरी,
त्यांनी तुमच्याच ग्रंथींना वेढा घातलाय.

ते मला कळलं.
वडील कॅम्पात हवालदार.
सांगायचे, रात्रीच्या संत्रीला माणूस दिसत नाही,
खुणेचा शब्द तेवढा ऐकू येतो.
शब्द चुकला तर सख्खा भाऊही परका.
माझ्यात शब्द कोण विसरलं,
संत्री, की जिभेखालची ती गरीब ग्रंथी,
जी जन्मभर न सांगता पाणी देत आली?
बाई म्हणाल्या, गोळ्यांनी तो जरा शांत होईल.
गेलेल्या ग्रंथींचं त्या काही बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.

नंदगडला धाकट्या जावेच्या मयताला गेले.
मी रडत होते हो.
छाती हलत होती, गळा भरून आला होता,
आवंढा गिळायला गेले तर आवंढाच नव्हता.
बायका पदराआडून माझे डोळे बघत होत्या.
कुणीतरी हळूच म्हणालं,
"कोरडीच की ओ ही."
तीन हजार रुपये घालून
हेच तर लिहून आणलं होतं मी बेळगावातून.

आता देवळीत थेंबांची बाटली.
दिवसातून सहा वेळा मान मागं टाकायची,
एकेका डोळ्यात एकेक विकतचं आसू.
काल हात थरथरला, थेंब बोटावर पडला.
एवढा महागाचा, पुसून कसा टाकू?
दोऱ्याचं टोक त्यात फिरवलं,
पीळ दिला.
पहिल्याच खेपेला आरपार.

गंगव्वाच्या नातीचं हळदीचं झंपर आहे.
कशानं ओवलंय ते तिला नाही सांगितलं.
अजून चार हुक राहिलेत.