गुडघाभर पाणी

पांढरा शर्ट घालून आलास ते बरं न्हाई,
दस्तगीर मुल्लाणी म्हणाला
आणि स्वतःचं मातकट जाकीट माझ्या अंगावर टाकलं.
खिशात बिडीचा चुरा, कोंबड्याची पिसं.

त्याचं चिकनचं दुकान सांगशीच्या फाट्यावर.
गिऱ्हाईक मांस नेतं, हा मानेवरची पिसं ठेवून घेतो,
तांबूस, कडांना तेल लावल्यासारखी.
गळाच्या दांडीवर ती धरायची,
वरून गुजरीतल्या जरीचे सात वेढे. आठ नाहीत.
"ही माशी. मासा माशीला भुलतो,
नावातच हाय की."

रीळ मात्र माझं.
उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत, लेथवर
अ‍ॅल्युमिनियमच्या उरल्या तुकड्यातून काढलेलं.
फिरलं तरी आवाज येत नाही.
मालकाला वाटलं, पंपाचा पार्ट.

एप्रिलात कुंभी एवढीशी होते.
दगडांच्या पाठी उघड्या, शेरणीची मुळं उघडी,
आणि पाणी इतकं नितळ
की तळाची वाळुंजाची पानं मोजून घ्यावीत.
पानांवर एक सावली हलत होती.
तिला मासा नव्हता.
दस्तगीरनं बोट दाखवलं,
मग झाला.

खडस.
कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा,
वाहत्या पाण्यात जागच्या जागी पोहणारा,
कुठंही न जाता.

"हितनं रांगायचं."
पन्नाशीतला टर्नर गोट्यांवरून रांगत गेला.
मला असं शेवटचं आईनं बघितलं असेल.

माशी उतरली. चांगली उतरली, दस्तगीरही मान हलवून गेला.
खडस वर आला,
इतका जवळ की ओठांवरच्या मिशा दिसल्या,
आणि आमच्या क्वालिटीवाल्या डवरीसाहेबांसारखं
तिला सगळीकडून बघितलं.
एक अक्षर न बोलता
रिजेक्ट.

दुसरी माशी. तिसरी, बारीक.
ऊन डोक्यावर आलं. आमच्याच सावल्या आता
आमच्या पायाखाली लपल्या होत्या.

तेवढ्यात वरून, टुप्प,
एक उंबर पडलं.
पिकून फुटलेलं, मुंग्यांसकट, वेडंवाकडं,
दगडावर आपटून पाण्यात.
खडसानं वळून
ते घेतलं.
काही तपासलं नाही.

दस्तगीर तोंडावर हात दाबून हसत होता,
उथळ पाण्यात हसणंसुद्धा ऐकू जातं म्हणून.
खांदे नुसते गदगदत होते. मग माझेही.

रीळ दिवसभरात वीतभरसुद्धा फिरलं नाही.
परतताना एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो,
गुडघे सोललेले,
बोटानं फिरवत, थांबवत, फिरवत.
शेजारच्या बाईंनी बराच वेळ बघून विचारलं,
"भोवरा हाय व्हय?"

व्हय, म्हणालो.