न्यूट्रल

फोंड्याच्या तिस्कावर आम्ही आता सात पायलट.
पूर्वी अकरा होतो.
पुढे पिवळा मडगार्ड, मागे काळी सीट,
आणि मध्ये टाकी,
जी हल्ली मी हलवून ऐकतो
नारळवाला नारळ ऐकतो तशी.

भाव पुन्हा वाढला त्या सकाळी
म्हाबळूने पंपाच्या आकड्यांना हात जोडले,
देवळापुढे जोडतो तसे नव्हेत,
मयताला जोडतो तसे.

मग ज्याने त्याने आपला उपाय काढला.
म्हाबळू पहाटे पाचला टाकी भरतो,
म्हणतो, गारव्यात पेट्रोल दाट असतं.
कायतान टायरात हवा ठासतो,
खड्डा आला की मागचं गिऱ्हाईक
त्याच्या सात पिढ्यांना उठवतं.
रोहिदासने भाडं वाढवलं, तीन दिवस माशा मारल्या,
चौथ्या दिवशी गपचूप खाली आणलं.

मला उतार सापडला.

फर्मागुडीची चढण धापा टाकत संपते,
गोपाळ गणपतीच्या दिशेने मान लवते,
आणि मी चावी फिरवतो.
टक्.
गियर न्यूट्रल.
खाली म्हार्दोळकडे गाडी आपल्या वजनाने निघते,
रस्त्याने आपल्याला उचलून घेतल्यासारखी.

एका उतारात बशीभर पेट्रोल उरतं.
चहाची बशी. मी मोजलंय.
सतरा बशांचा एक लिटर.
हर्षला कॅलेंडरच्या मागे काड्या मारून ठेवते
आणि रोज विचारते,
"ब्रेक तरी चालू असतो ना?"

पण एक गोष्ट हिशेबात नव्हती.
इंजिन बंद झालं की
मागचा माणूस सुरू होतो.

इंजिन चालू असताना लोक एवढंच विचारतात, किती झाले.
उतारावर मात्र
कॉलेजच्या पोराने सांगितलं, तीन विषय राहिलेत,
घरी पेढे वाटून झालेत.
सोसायटीतल्या कारकुनाने सांगितलं,
भावाच्या सहीसारखी सही त्याला येते.
मी मागे वळत नाही.
वळलो तर दोघंही पडू.

द्वारकाबाय पहिल्या दिवशी घाबरली.
"गाडी बंद पडली रे?"
"ना बाये. देंवती. पेट्रोल उरयतां."
ती हसली. टोपलीत न विकलेल्या जायांच्या चार फाती होत्या.
इतकी वर्षं तिला नेतो मी,
त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला वास आला.

मग रोज थोडं थोडं.
मुलगा जहाजावर. आधी महिन्याला फोन,
मग चतुर्थीला,
मग चतुर्थीलाही नाही.
एका उतारात मावेल एवढंच ती बोलायची,
सपाटी आली की मी किक मारायचो
आणि ती भाजीच्या भावावर यायची.

काल सपाटी आली
आणि तिचं वाक्य अजून मध्येच होतं.
पाय किकवर गेला.
मारली नाही.
गाडी हळू झाली, आणखी हळू,
एका माडाशी येऊन उभी राहिली.
शेजारून खनिजाचे दोन ट्रक गेले, एक कदंबा गेली,
कंडक्टरने ओरडून विचारलं, पेट्रोल संपलं काय?
मी हात हलवला.
मागे तिचं चाललं होतं,
कंपनीचा कोणी एक माणूस, एक पाकीट,
पाकिटात घड्याळ,
घड्याळ चालू.
"चालू असा रे," ती दोनदा म्हणाली.
मी मान हलवली,
हेल्मेटमुळे तिला दिसली की नाही, ठाऊक नाही.

दारात उतरल्यावर तिने पदराची गाठ सोडली,
नोटा मोजल्या, त्यातली दहाची परत बांधली.
"अर्ध्या वाटेला पेट्रोल जाळलं नाहीस.
मग भाडं पुरं कसलं?"

दहा रुपये.
म्हणजे दोन बशा, वर थेंबभर कमीच.
मी म्हटलं, बरोबर आहे बाये,
आणि परतीची चढण
पहिल्या गियरवर चढलो.