पाकिटांचं तोरण

कन्नमवार नगरात शाळेसमोर माझं दुकान.
अर्ध्यात वह्या, खोडरबर, नकाशे, कंपासपेट्या,
अर्ध्यात, खरं सांगायचं तर
अर्ध्याहून जास्तीत, पाकिटं.
पाचाची, दहाची,
लाल, पिवळी, जांभळी,
हवेनं तट्ट फुगलेली,
दारावर तोरणासारखी टांगलेली.
मधल्या सुट्टीची घंटा झाली
की काउंटरवर आधी नुसते हात दिसतात.
चेहरे मागून येतात.

माझ्या रुंजीला मात्र यातलं एकही मिळत नाही.
ती चौथीत, याच शाळेत.
सुलक्षणा पहाटे उठून शेपू निवडते,
मूगडाळ रात्रीच भिजत घातलेली असते,
लसणाची फोडणी बसते
आणि अख्ख्या मजल्याला कळतं
घाडीगावकरांकडे आज काय आहे.
रुंजी नाक धरते.
मी म्हणतो, खा गं, डोळे चांगले राहतात.
कुठल्या भाजीनं काय होतं
मला तरी कुठे नीट ठाऊक आहे?
डोळे, हाडं, केस
आलटून पालटून सांगतो.

त्या दिवशी ती दुकानातच
स्टुलावर डबा उघडून बसली होती.
दुसरीतला एक आला,
मोजे घसरून बुटांत गेलेले,
मुठीत घामानं ओलं झालेलं दहाचं नाणं.
“काका, दोन लाल.”
“डबा नाही आणलास?”
“आई साडेपाचलाच कामाला जाते.”
मी दोन लाल तोडून दिली,
नाणं गल्ल्यात टाकलं.

रुंजी घास चावत होती.
मान वर न करता म्हणाली,
“बाबा, त्याचे डोळे चांगले राहायला नकोत?”

पुढच्या गिऱ्हाइकाला
मी रेघी वहीऐवजी चौकटीची दिली.

दुसऱ्या दिवशी मंडईतून दोन किलो पेरू आणले.
बरणीतल्या गोट्या काढून
त्यात भाजलेले शेंगदाणे भरले, गुळाचे खडे टाकले.
पेरू चिरून, तिखटमीठ लावून
ताटलीत मांडून ठेवले.
विकल्या चार फोडी.
एक रुंजीनं नेली, उधारीवर.
उरलेल्या काळ्या पडल्या,
रात्री आम्हीच जेवणानंतर खाल्ल्या
आणि सुलक्षणा म्हणाली,
“बरंय, निदान घरात तरी फळ आलं.”

पोरं विचारतात, काका, यात आत काय मिळतं?
पाकिटात स्टिकर निघतो, कधी भोवरा.
पेरूत काय निघणार!
मी म्हणतो, बी निघते.
दातात अडकते. मग गणिताच्या तासाला
जिभेनं काढत बसायचं, बाईंना कळत नाही.
यावर एक जण दोन फोडी घेऊन गेला
आणि तास संपल्यावर सांगायला आला
की अजून निघाली नाही.

तोरण मी काढलेलं नाही.
खोटं कशाला बोलू?
दुकानाचं भाडं पेरूवर निघत नाही.
फक्त हातभर वर बांधलंय.
दुसरीतल्यांना आता ओढून घेता येत नाही,
मागावं लागतं,
आणि मागितलं की मी विचारतो,
“सकाळी काय खाल्लंस?”
काही जण खोटं सांगतात.
पोळी-भाजी म्हणताना
त्यांची नजर माझ्या कपाळावर असते.
मी पाकीट देतो. वर चार शेंगदाणे देतो,
त्याचे पैसे घेत नाही.

रुंजी अजूनही नाक धरते.
पण परवा डबा चाटूनपुसून परत आला.
“सगळी संपवलीस?”
“अर्धी मी. अर्धी विहंगनं.”
“कोण विहंग?”
“मोजेवाला.”
“मग? आवडली त्याला?”
ती थोडी वैतागून म्हणाली,
“म्हणतो, वास येतो, पण चालेल. उद्या पण आण.”

सुलक्षणा आता शेपूच्या दोन जुड्या आणते.
समोरच्या काकूंनी
पहाटे खिडकी लावून घ्यायला सुरुवात केलीय.