हातचा एक

वाल्मिएराच्या बाहेर, बंद पडलेल्या डेअरीच्या मागच्या खोलीत
आमचं वर्कशॉप. माझ्याहून वयानं मोठं एक लेथ मशीन,
एक मिलिंग मशीन, ज्याचं कर्ज आत्ता कुठे मार्चमध्ये फिटलं,
आणि खिडकीपाशी, तांब्याच्या रिळांमध्ये, स्कायद्रीते.

आम्ही मोटारी करतो. आगपेटीत मावतील एवढ्या.
विमानं उडवणाऱ्या मोठ्या माणसांसाठी,
त्यांच्या विमानांना खेळणं म्हटलं की रागावणाऱ्या.
महिन्याला चाळीस. कधी एकोणतीस.

मी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीतून घंटा कातून काढतो,
तिच्या आत चौदा चुंबक बसवतो.
चिमट्यातून एक निसटला तर शेजाऱ्याला जाऊन भिडतो,
मधे कुणाचं बोट आहे हे पाहत नाही.
घंटा आणि गाभा यांच्यात फट केसभर.
केसभर म्हणजे खरोखर; कागदाची पट्टी सरकवून बघतो मी,
अडकली तर पुन्हा लेथवर.

गाभ्याला बारा दात. दर दाताला चौदा वेढे.
ते स्कायद्रीतेचे.

ती मोजत नाही. विचारलंत तर चुकते.
रेडिओच्या कारखान्यात सतरा वर्षं तिनं तार गुंडाळली.
मग कारखाना गेला, देश बदलला, नोटा दोनदा बदलल्या.
तिच्या बोटांना कुणी कळवलं नाही.

फेब्रुवारीत एक मोटार परत आली,
नॉर्वेहून, लोकरीच्या मोज्यात घालून. सोबत चिठ्ठी:
चांगली आहे, फक्त गुणगुणते.
तक्रार नाही. विचारतो एवढंच. आइविंद.

बॅटरीला जोडली. खरंच,
रांगेत कुणीतरी लंगडत चालल्यासारखा एक सूर.

स्कायद्रीते जेवायला गेली तेव्हा मी तार उलगडली.
चौदा. चौदा. चौदा.
सातव्या दातावर तेरा.
पुन्हा त्याच घड्या मोजल्या. तेराच.
आणि किती सुरेख बसलेले असणार ते, अंगाला अंग लावून,
की चौदाव्याची रिकामी जागा मलाही दिसली नव्हती.

लहानपणी पाटीवर बेरीज करताना
बाई मागून म्हणायच्या, हातचा धरलास का?
मी धरायचो, आणि पुढच्या रांगेपर्यंत विसरायचो.

फळीवरच्या मोटारी एकेक करून फिरवल्या.
आणखी तीन गुणगुणल्या.
ती आली तेव्हा मी लेथवर होतो, पाठ करून.
डब्याचं झाकण लावत म्हणाली, आज सूप खारट होतं.

कानाडोळा करायचं ठरवलं.
आइविंदला नवी मोटार धाडली, त्याच मोज्यात.
रीगाहून भिंगाचा दिवा मागवला,
माझ्यासाठी आहे असं दोनदा बोललो,
आणि जागा नाही म्हणून तिच्या टेबलावर ठेवला.
तिनं त्याच्याकडे पाहिलं. रिळावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी लेथ थांबवली तर आवाज:
व्हिएन्स, दिवी, त्रीस…
एकसष्ट वर्षांची बाई शाळेतल्यासारखी मोठ्यानं मोजते आहे,
दिवा बंदच.
चौदाला पोचली की श्वास घेते,
मग पुढचा दात.
महिन्याच्या मोटारी आता बावीस.
मी किंमत वाढवली. दोघांनी पत्रं पाठवून कुरकुर केली,
उरलेल्यांनी पैसे.

एप्रिलच्या पहिल्या कोरड्या रविवारी
गउया नदीकाठच्या माळावर माझं जुनं ग्लायडर नेलं.
नाकात त्या तिघींतली एक बसवली होती;
विकता येत नव्हती, टाकवत नव्हती.
स्कायद्रीते थर्मासमधला चहा ओतत होती.
विमान बर्च झाडांवरून वळलं, लहान झालं,
मला दिसेनासं झालं, तेव्हा ती आभाळाकडे न बघता म्हणाली,
डावीकडे आहे. खाली येतंय.
मग, चहा माझ्या हातात देत:
ही माझीच ना?

मी दांडी हळूच मागे ओढली.
तेरा वेढ्यांनी गुणगुणत ते
आमच्या डोक्यावर आलं.