अकरा बिबडे

भुसावळला, टायरवाल्याच्या शेजारी,
उन्हात उभी होती ती.
मी आधी मागून पाहिली.
पुढून सगळ्याच गाड्या हसऱ्या असतात.

हौदा साडेसात फूट बाय पाच.
टेप सिंधूच्या हातात, आकडे माझ्या तळव्यावर:
दीड फुटी डबा, एका थरात पंधरा,
तीन थर, पंचेचाळीस,
वर ताडपत्रीला गाठ मारायला वीतभर जागा.

फळीवर तपकिरी डाग.
केळीचा चीक.
धोतराचा जात नाही, लुगड्याचा जात नाही,
लाकडाचा काय जाईल.
सावद्याच्या बागांतून घड वाहिलेत हिनं,
आणि घड वाहणारा माणूस
कागदावरच्या वजनाला कधी थांबला आहे?

उल्हास झोपे बोलत होता.
एकहाती वापर, लिटरला अठरा,
मीटर बघा ताई, बासष्ट हजार फक्त,
विमा अजून पाच महिने, पासिंग एकोणीसचंच.

गुलशेर तडवी काहीच बोलत नव्हता.
त्यानं ब्रेकच्या पेडलवरून अंगठा फिरवला.
रबरावरच्या रेघा गुळगुळीत,
नदीतल्या गोट्यासारख्या.
त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं.
मीटर मागे फिरवता येतं. पाय नाही.

मग पुठ्ठा अंथरून तो खाली शिरला.
बाहेर उरल्या त्याच्या चपला, आणि आवाज:
कमानीचं एक पान बदललेलं.
सायलेन्सरला वेल्डिंग.
क्लच शेवटाला आलाय.
बराच वेळ काही नाही.
मग, चासी सरळ आहे ताई.

"रिकामी पळवून बघा ना, लोणी आहे लोणी!"
रिकामं पळायला आम्हाला गाडी कशाला?
तीन गोण्या ज्वारी चढवली,
आणि वर एक डबा,
शंभर बिबडे, मोजलेले,
खाटेवर चार दिवस वाळलेले,
जोरात बोललं तरी तडकतील असे.

सिंधू चालवायला बसली.
ट्रॅक्टरवर शिकलेली, गियर जरा रागानंच टाकते.
झोपे तिच्या शेजारी, एक हात दारावर.
मी मागे हौद्यात, डब्याला हात न लावता.
हात लावला असता तर परीक्षा माझी झाली असती.

तापीचा पूल, खाली पाण्याची बारीक पट्टी,
मग भालोदकडचा तो तुकडा,
जिथं रस्त्यापेक्षा रस्त्याची कडा बरी.
एका खड्ड्यात ज्वारीची गोणी उडाली
आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून
मनात आकडे मोजत राहिले.

परत आल्यावर झाकण उघडलं.
झोपे वाकून बघायला लागला,
जणू डब्यात त्याचं पोरगं आहे.
एकोणनव्वद अख्खे.
अकरा फुटले.

भाड्याच्या रिक्षात शंभराला तेवीस जातात.
सहा वर्षांचा चुरा माझ्याकडे लिहिलेला आहे,
कॅलेंडरच्या पाठीमागे, महिन्यावार,
शेजारी भाडं, फेरीला नऊशे.
त्या पानांवरून दिसत होतं,
की ही गाडी हप्ता भरेल,
आणि दिवाळीआधी थोडं उरवेलही.

पण हे त्याला कशाला सांगा.
"अकरा फुटले," मी म्हटलं. "अकरा हजार कमी."
"मायवो! गाडीचा भाव बिबड्यावर ठरते का?"
"आमच्यात ठरतो."
तो हसला, मग हसायचा थांबला,
मग टायरवाल्याशी जाऊन काहीतरी बोलून आला.
आठ हजारावर आणि क्लचप्लेटवर मिटलं.

फुटलेले अकरा चहावाल्याच्या निखाऱ्यावर भाजले.
वर कच्चं तेल, कांदा, मूठभर शेंगदाणे.
सगळ्यात जास्त झोप्यानं खाल्ले,
आणि म्हणाला, जिरं जास्त झालंय.

संध्याकाळी गाडी घेऊन निघालो.
ऑईल पाहिलं होतं, धूर पाहिला होता,
स्टेपनीसुद्धा उलटून पाहिली होती,
आणि हॉर्न वाजवून पाहायचं
तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.
फैजपूरच्या बाजारातून सिंधू
खिडकीबाहेर मान काढून ओरडत गेली:
सरका वो, सरका, गाडी आपली आहे!