उसवण

टकोमाच्या दक्षिणेला, छावणीच्या फाटकासमोर,
गहाणवटीचं दुकान आणि डोनटवाला यांच्या मधे
माझं शिलाईचं दुकान.
बावीस वर्षं मी माणसांच्या छातीवर
त्यांची आडनावं शिवते आहे.
आडनाव उजवीकडे, सरकार डावीकडे.
काळीज कुठल्या बाजूला असतं
ते काही मी ठरवलेलं नाही.

टॉलिव्हर गुरुवारी आला, मी शटर ओढायच्या बेतात असताना.
सार्जंट. दोनदा तिकडे जाऊन आलेला,
ऐकताना डावा कान पुढे करणारा.
खिशातून चार घड्यांचा कागद काढला.
वकिलानं सांगितलंय, म्हणाला, बोलता येतं.
गणवेशात नाही.
छावणीत नाही, कामाच्या वेळेत नाही,
सैन्याच्या वतीनं तर नाहीच.
एवढं वजा जाता जे उरतं
ते रविवारी, वाचनालयाच्या तळघरात,
दोन ते साडेतीन.
"मिसेस क्वाक, एखादा शर्ट आहे का,
ज्यात मी फक्त मी दिसेन?"

कुणीतरी न्यायचा विसरलेला
निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, तो दिला.
जीन्स टाचेखाली येत होती,
गुडघ्यावर बसून किनार अर्धा इंच वर घेतली.
तो आरशासमोर उभा, आणि त्याचा हात
आपोआप उजव्या खिशावर गेला.
तिथे नाव नव्हतं. बटण होतं.

माझा थोरला भाऊ संग-ह्वान सक्तीच्या भरतीतला.
एका मे महिन्यात त्याला ट्रकमधून
दक्षिणेकडच्या एका शहरात नेलं. आपल्याच.
परतला तो जेवताना भिंतीला पाठ लावून बसू लागला.
आईनं विचारलं. पुढे बायकोनं विचारलं.
त्यानं ब्र काढला नाही.
शिवलेलं तोंड मी जवळून पाहिलंय;
टाका इतका बारीक
की शिवणारा हात सापडत नाही.

रविवारी मी गेले. मागच्या ओळीत बसले.
सतरा माणसं, कॉफीचा थर्मास, माईक नाही.
"हे माझं मत. फक्त माझं."
तीनदा म्हणाला,
नदीत उतरताना काठीनं तळ चाचपावा तसं.
मग एका पुलाबद्दल बोलला,
पुलावरच्या पांढऱ्या गाडीबद्दल,
गाडीतल्या कलिंगडांबद्दल.
त्यापुढचं नाही सांगितलं.
बराच वेळ कुणी खोकलंही नाही.
"आपण तिथे असायलाच नको होतं," म्हणाला,
आणि बसला.

माझी नजर खाली होती.
वर चौकड्यांचा शर्ट, जीन्स,
आणि मी उचललेल्या अर्ध्या इंचाखाली
वाळूच्या रंगाचे सरकारी बूट.
सवयीनं घातलेले. दुसरे बहुधा नसावेतच.
गुरुवारीच पाहिले होते मी,
नाकापुढे होते.
तोंडात टाचण्या होत्या.
मग टाचण्या काढल्या,
तरी बोलले नाही.
कडेच्या खुर्चीतल्या एका पोरानं
फोन गुडघ्यापाशी धरून फोटो घेतला.

एप्रिलात टॉलिव्हर समारंभाचा निळा कोट घेऊन आला.
हुद्दा उतरवायचा होता.
ठपका बुटांवर होता.
पुलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं,
ना बाजूनं, ना विरुद्ध.

बाहीवरचा बिल्ला उसवला.
खालचं कापड बाकीच्या कोटाहून गडद,
तिथे ऊन पोचलंच नव्हतं.
नवा बिल्ला जुन्याहून लहान,
भोवती गडद काठ उरला.
"हे दिसेल का?"
नाही हो, कोण बघतंय, असं गिऱ्हाइकाला सांगायचं असतं.
"दिसेल," मी म्हणाले.

चार डॉलर झाले. त्यानं पाच ठेवले.
मी सुटे शोधत राहिले, गल्ल्यात होते तरी.
मग म्हणाले, बूट मी पाहिले होते.

त्यानं डावा कान पुढे केला.

मी पुन्हा म्हणाले,
जरा मोठ्यानं.